सुई जागेवरच होती

वेल्डिंगच्या गॅसचा सिलिंडर संपत आलाय हे कसं ओळखायचं? हा प्रश्न माझ्यासमोर पहिल्यांदा आला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि हा काही प्रश्नच नाही असं माझं ठाम मत होतं. सिलिंडरवर गेज असतो, गेजला सुई असते, सुई बघायची. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला याहून जास्त काय सांगायचं?

आज मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मेकॅनिकलवाल्यांचं हेच झालंय, त्यामुळे त्याबद्दल रडगाणं गात नाही. पण त्या दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या शेडमध्ये मी एक गोष्ट केली, ती गेली आठ वर्षं माझ्याबरोबर आहे. ती सांगायची तर आधी सिलिंडर समजून घ्यावा लागेल. थोडा धीर धरा, विज्ञान फार नाही.

काकांचं फॅब्रिकेशनचं शेड कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीच्या मागच्या बाजूला आहे. गेट, ग्रिल, शेडचे ट्रस बारमाही चालतात, पण दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत खरी गर्दी असते ती उसाच्या ट्रॉल्यांची. कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत प्रत्येकाला ट्रॉली हवी असते. काम चालतं सीओटू वेल्डिंगवर. बंदुकीसारख्या टॉर्चमधून तार सतत बाहेर येते, ती वितळून जोड भरते आणि तारेभोवतीच्या नोझलमधून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. त्या गॅसचं एकच काम, हवेला लांब ठेवणं. वितळलेलं पोलाद दीड हजार अंशांच्या आसपास असतं, आणि त्या अवस्थेत ते हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन आनंदानं पिऊन घेतं. थिजताना मात्र त्याला ते पोटात ठेवता येत नाही. मग बुडबुडे निघतात, काही बाहेर पडतात, काही आतच अडकतात. जोडात स्पंजसारखी भोकं राहतात. काही दिसतात, काही दिसत नाहीत. वर नायट्रोजन शिरला की जोड ठिसूळ होतो, ते वेगळंच.

म्हणजे गॅस संपला तर वेल्डिंग थांबत नाही, ही यातली गोम आहे. स्कूटरचं पेट्रोल संपलं की स्कूटर थांबते. इथे आर्क पेटतच राहतो, तार येतच राहते, जोड भरतच राहतो. फक्त तो जोड नसतो.

आता गेजकडे येऊ. शेडमध्ये कधीकधी आर्गॉनचा सिलिंडर यायचा, स्टेनलेसच्या कामाला. आर्गॉन सिलिंडरमध्ये निव्वळ वायूच्या रूपात दाबून भरलेला असतो. ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाब असेल तर साधारण सात हजार लिटर वायू. अर्धा वापरला की सुई ७५ वर, पाव उरला की चाळिशीच्या खाली. मिनिटाला १२ लिटर सोडले तर साधारण पावणेदहा तास आर्क चालेल, हा हिशोब पाचवीतला पोरगा करेल. आर्गॉनची सुई सरळ माणसासारखी आहे.

कार्बन डायऑक्साइडची तशी नाही. तेवढ्याच सिलिंडरमध्ये तीस किलो कार्बन डायऑक्साइड भरतात, आणि त्यातला बराचसा द्रवरूपात असतो. वर थोडा वायू, खाली द्रव. वरचा वायू वापरला की खालचा द्रव उकळून ती जागा भरून काढतो. जोवर आत द्रवाचा थेंब आहे तोवर दाब किती राहणार हे किती माल उरलाय यावर ठरतच नाही, फक्त तापमानावर ठरतं. २० अंशांना ५७ बार, ३० अंशांना ७२ बार. सिलिंडर भरलेला असो की अर्धा, सुई तिथेच.

यातून जी गंमत होते ती मी स्वतः पाहिली आहे. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी चांगला गारवा असतो आणि दुपारी ऊन तापतं. सकाळी सुई साठाच्या खाली. दुपारपर्यंत गॅस वापरला, आणि सुई वर गेलेली! खर्च केल्यावर शिल्लक वाढते असं सांगणारं मोजमाप.

द्रव संपल्यावर मात्र सुई खाली यायला लागते. २० अंशांचा हिशोब केला तर त्या वेळी सिलिंडरमध्ये नऊएक किलो वायू उरलेला असतो. म्हणजे सुई तीसपैकी एकवीस किलो जाईपर्यंत गप्प बसते आणि शेवटच्या नऊ किलोंत सगळं बोलून टाकते. हा हिशोब कागदावरचा. प्रत्यक्षात जोरात गॅस काढला की द्रव उकळता उकळता थंड होतो, सिलिंडरच्या खालच्या भागावर दव धरतं, सुई मध्येच थोडी पडते, जेवणाच्या सुट्टीत परत चढते. सीओटूच्या रेग्युलेटरला विजेचा हीटर लावतात तोही याचसाठी, नाहीतर रेग्युलेटर गोठतो.

टॉर्चच्या बाजूनं बघाल तर तिथेही काही कळत नाही. रेग्युलेटरचं कामच ते आहे. मागे दाब कितीही असो, पुढे मिनिटाला पंधरा लिटर म्हणजे पंधरा लिटर. काचेच्या नळीतली गोळी शेवटपर्यंत एकाच उंचीवर तरंगत असते. मागची पडझड पुढच्याला कळू नये म्हणून बनवलेलं यंत्र आहे ते. (सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ॲबस्ट्रॅक्शन म्हणतो आणि त्याचे पगार घेतो.)

मग खरं उत्तर काय? वजन. सिलिंडरच्या खांद्यावर रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं. सिलिंडर काट्यावर चढवायचा, ते वजन वजा करायचं, उरला तो गॅस. दुसरा मार्ग नाही. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसचंही हेच आहे. ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत तशीच असते. आई टाकी हलवून बघते तेव्हा ती वजनच करत असते, हाताच्या काट्यावर.

काकांच्या शेडमध्ये पत्रे आणि अँगल मोजायचा प्लॅटफॉर्म काटा होता आणि एक नियम होता. रोज सकाळी सीओटूचा सिलिंडर काट्यावर चढवायचा, आकडा वहीत लिहायचा आणि खडूनं सिलिंडरवरही लिहायचा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात हीटरचा प्लग काढा, व्हॉल्व्ह बंद करा, रेग्युलेटर खोला, साखळी सोडा, ऐंशी किलोचा तो ऐवज तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत काट्यापर्यंत न्या आणि सगळं परत उलट करा. पंधरा मिनिटं जातात आणि पाठीचा घाम निघतो. सुट्टीत शिकायला आलेला पुतण्या म्हणून हे काम माझ्याकडे होतं.

एका सकाळी मी ते केलं नाही.

आदल्या संध्याकाळी मी सुई पाहिली होती, जागेवरच होती. सकाळी गर्दी होती, दोन ट्रॉल्या त्याच दिवशी जायच्या होत्या, काका बँकेत गेले होते. मी वही उघडली, आदल्या सकाळचा आकडा पाहिला, त्यातून रोजच्या खपाचे तीन किलो वजा केले आणि लिहून टाकलं. खडूनं सिलिंडरवरही लिहिलं. मिस्त्रींनी आदल्या रात्री अकरापर्यंत काम ओढलं होतं हे मला माहीत होतं. म्हणजे, माहीत होतं आणि मी त्याचा विचार केला नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा असू शकतात, यावर मी नंतर बराच विचार केला आहे.

दुपारी ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीचा जोड मी मारत होतो. मिस्त्रींनी त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला महत्त्वाच्या जोडाला हात लावू दिला होता. शेवटच्या वीतभर भागात आवाज बदलला. चांगल्या सीओटू वेल्डिंगचा आवाज कढईत भजी पडल्यासारखा एकसंध येतो. तो तुटक झाला, ठिणग्या उडायला लागल्या. वारा आला असेल, नोझलमध्ये कचरा अडकला असेल, असं म्हणत मी पुढे गेलो. अशीही कारणं असतात हो, भरलेल्या सिलिंडरवरही भोकं पडतात. हेल्मेट वर केलं तर जोडाचं शेवटचं टोक मुंग्यांनी पोखरल्यासारखं दिसत होतं. गेजकडे पाहिलं. सुई तळाला.

काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. तेवढा भाग ग्राइंडरनं पार खोदून काढायचा आणि परत भरायचा. गॅस नसला तरी कोपऱ्यात रॉडचं साधं मशीन उभं होतं, त्याला गॅस लागतच नाही. पण मिस्त्रींना बोलवावं लागलं असतं, आणि मिस्त्रींनी आधी सिलिंडरवरचा खडूचा आकडा पाहिला असता. त्या आकड्याप्रमाणे सिलिंडरमध्ये अजून आठ किलो गॅस होता.

मी वरवर ग्राइंडर मारला, भोकांत पुट्टी भरली, त्यावर रेड ऑक्साइड मारला. संध्याकाळी ट्रॉली गेली.

त्यानंतरच्या माझ्या मनाच्या कसरती फार अभ्यासपूर्ण होत्या. वेल्डिंगच्या संहितांमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत छिद्रं मान्य असतात, हे मी पुस्तकात शोधून काढलं. गोल छिद्र हे चिरेइतकं घातक नसतं, कारण चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो, तसा छिद्राशी तितका एकवटत नाही, हेही खरं आहे. जोड एकूण हातभर होता, खराब वीतभरच होती. दांडीला दोन बाजूंनी जोड होते. या सगळ्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पदवीचा इतका मनापासून उपयोग मी त्याआधी किंवा त्यानंतर केलेला नाही.

नोकरीला लागल्यावर दोनेक वर्षांनी माझ्या वाचनात विल्यम किंग्डन क्लिफर्डचा एक निबंध आला. क्लिफर्ड हा इंग्लिश गणिती, ग्राफिक्समध्ये काम करणाऱ्यांना त्याचं नाव क्लिफर्ड अल्जिब्रामुळे माहीत असेल. तेहतिसाव्या वर्षी क्षयानं गेला. १८७७ साली त्यानं श्रद्धेच्या नीतिशास्त्रावर निबंध लिहिला, त्याची सुरुवात एका जहाजमालकानं होते. जहाज जुनं आहे, बऱ्याचदा डागडुजी झालेली आहे, यावर स्थलांतरितांना पाठवावं का अशी शंका मालकाच्या मनात येते. तपासणी करायची तर खर्च आहे. मग तो स्वतःला समजावतो, इतके प्रवास सुखरूप झाले, हाही होईल, देव आहे. हळूहळू त्याची खरोखर खात्री पटते. जहाज निघतं आणि समुद्रात बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस त्या मृत्यूंचा दोषी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता हा बचाव चालणार नाही, कारण हाती असलेल्या पुराव्यावर असा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता.

इथपर्यंत कुणीही मान हलवेल. पण क्लिफर्ड पुढे गोष्ट बदलतो. समजा जहाज बुडालं नाही, या वेळीही सुखरूप पोचलं आणि पुढेही पोचत राहिलं. तर त्याचा दोष कमी झाला का? क्लिफर्डचं उत्तर, तसूभरही नाही. तो निर्दोष ठरत नाही, फक्त सापडत नाही.

हा माणूस हे हवेत बोलत नव्हता. १८७० साली सूर्यग्रहण बघायला निघालेल्या मोहिमेत तो होता आणि त्यांचं जहाज सिसिलीजवळ फुटलं होतं. फुटणारं जहाज त्यानं आतून पाहिलं होतं.

क्लिफर्डवर विल्यम जेम्सनं १८९६ मध्ये उत्तर दिलं. जेम्सचा मुद्दा असा की काही निर्णय पुराव्यासाठी थांबत नाहीत. ते टाळता येत नाहीत आणि बुद्धीला त्यांचा निकाल लावता येत नाही, तिथे माणसाला विश्वास टाकायचा हक्क आहे. मला जेम्स आवडतो. लग्न, मैत्री, नोकरी सोडणं या बाबतीत मी जेम्सच्या बाजूनं आहे. पण माझ्या प्रकरणात काटा वीस फुटांवर होता.

शिवाय जहाजमालकाची निदान खात्री तरी पटली होती. माझी कुठलीच खात्री नव्हती, मी फक्त आकडा लिहिला. आणि आकडा लिहिल्यावर गंमत अशी झाली की दुपारपर्यंत माझाच त्यावर विश्वास बसला. आवाज बदलला तेव्हा गॅस संपला असेल हे डोक्यात सगळ्यात शेवटी आलं, कारण खडूनं लिहिलेलं होतं ना! अक्षर माझंच होतं तरी.

शब्दांचं असं होतं. बेंजामिन ली व्होर्फ या माणसाला भाषाशास्त्रात मोठं नाव आहे, पण त्याची पदवी केमिकल इंजिनीअरिंगची आणि नोकरी अमेरिकेत हार्टफर्डच्या आगविमा कंपनीत. आगी का लागतात याच्या चौकश्या करताना त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलचे भरलेले पिंप ठेवतात तिथे लोक जपून वागतात आणि रिकामे पिंप ठेवतात तिथे बेफिकीर होतात, बिड्या ओढतात. खरं तर धोका रिकाम्याला जास्त, कारण त्यात स्फोटक वाफ भरलेली असते. ‘रिकामं’ या शब्दानंच ती वाफ लपवली. आमच्या शेडमध्येही ‘खाली’ सिलिंडर कधी रिकामा नसतो. थोडा दाब आत शिल्लक ठेवूनच व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरते आणि पुढच्या भरणाची वाट लागते. उरलेल्या गॅसचे पैसे एजन्सी परत देत नाही, म्हणून पिळून काढायचा मोह सगळ्यांना होतो. तेव्हा रिकामा म्हणजे नक्की किती, हे कामावर ठरतं, आकड्यावर नाही.

माझ्या आजच्या कामातही हे रोज आहे. सर्व्हर जिवंत आहे का हे विचारणारा एक पत्ता असतो, त्याला हेल्थ चेक म्हणतात. दर काही सेकंदांनी एक प्रोग्राम विचारतो, बरा आहेस का, आणि सर्व्हर म्हणतो, बरा आहे. एकदा आमच्याकडे ऑर्डरी पाऊण तास अडकून होत्या आणि डॅशबोर्ड सगळा हिरवागार, कारण तो हेल्थ चेक फक्त ‘बरा आहे’ म्हणायलाच लिहिलेला होता, डेटाबेसला तो विचारतच नव्हता. तो कोड तपासून मंजूर करणारा मी होतो. मीटिंगमध्ये सगळे डॅशबोर्डला शिव्या देत होते. मी गप्प होतो. डॅशबोर्ड खोटं बोलला नव्हता. सीओटूची सुईही खोटं बोलत नाही, ती दाब सांगते आणि दाब तेवढाच असतो. माल किती उरलाय हे तिला कुणी विचारलेलंच नाही, ते आपण आपल्या मनानं तिच्या तोंडी घालतो.

पण सुईला माफ करता करता मी स्वतःलाही माफ करत होतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य दोन प्रकारचं असतं. ज्याच्याकडे काटाच नाही त्याचं, आणि ज्यानं काट्याकडे जायचं टाळलं त्याचं. दुसऱ्या माणसाला आतून कुठेतरी अंदाज असतो, म्हणून तर तो टाळतो. आकडा आपल्याला हवा तसा येणार असेल तर सिलिंडर काट्यावर न्यायला कुणाची पाठ दुखत नाही.

नैतिक दैव नावाचा एक वाद तत्त्वज्ञानात आहे, १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी तो मांडला. सारखाच निष्काळजीपणा करणाऱ्या दोन ड्रायव्हरांपैकी एकाच्या गाडीसमोर पोर येतं, दुसऱ्याच्या येत नाही. आपण पहिल्याला जन्मभर दोष देतो आणि दुसऱ्याला घरी जाऊ देतो. मी हे वाचलं तेव्हा माझी अडचण वेगळीच होती. मी दोघांपैकी कोणता ड्रायव्हर आहे हेच मला माहीत नव्हतं. दहा-बारा टन ऊस लादलेली ट्रॉली चढाला दांडीतून सुटली तर मागे दुचाकीवाला असतो, किंवा चुलत्याबरोबर उसावर बसलेला पोरगा. हंगामात असल्या बातम्या पेपरात येतात. मी त्या आठ वर्षं नीट वाचतो, गावाचं नाव आधी बघतो.

या दिवाळीला मी काकांना सांगितलं. शेडमध्ये नाही, रात्री जेवण झाल्यावर अंगणात. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता.

“कुठली ट्रॉली?”

मला आठवत नव्हतं. एवढा सगळा अपराधी भाव आठ वर्षं सांभाळला, पण ट्रॉली कुणाची होती हे मी कधी विचारलंच नव्हतं. काका उठून आत गेले, जुन्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. तारखेवरून दोन नावं निघाली, एक कागलकडचं, एक शिरोळचं.

“त्याच दिशी का नाही सांगितलंस?”

“ओरडला असता.”

“ओरडलोच असतो की. मग रॉडनं मारून दिलं असतं. तासाचं काम हुतं.”

एवढंच. नंतर ते वहीतला त्या दिवसाचा माझा आकडा बघत बसले. तीन किलो वजा केलेला, इतर दिवसांसारखाच दिसणारा. बाकीच्या दिवसांचे आकडे तरी खरे आहेत का, असं त्यांनी विचारलं नाही. ते खरे आहेत. पण हे मी आता कुणाला पटवून देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कागलकडच्या माणसाकडे गेलो. त्याची ट्रॉली दारातच होती. काकांनी दांडीचा रंग खरवडून पाहिला, जोड मिस्त्रींच्या हातचा निघाला, खवल्यावर खवला बसावा तसा. म्हणजे माझी ती शिरोळची. शिरोळच्या माणसानं तीन वर्षांपूर्वी ती विकली होती, अथणीकडच्या कुणालातरी, मध्ये एक दलाल होता. दलालानं नंबर दिला. ट्रॉलीचं काय झालंय म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, दांडी तपासून द्यायची आहे, फुकट.

तो नंबर गेले तीन आठवडे बंद लागतोय. दलाल म्हणतो, त्याच्या मेव्हण्याचा नंबर मिळतो का बघतो. मी त्याला दर रविवारी फोन करतो.